तांदळाच्या पिंपातलं ग्राफिक कार्ड

आमच्या इमारतीत एक रिवाज आहे. ज्याला ज्यातलं कळत नाही, त्याने त्यावर सगळ्यांत आधी बोलायचं. मी सोडून सगळे तो पाळतात. मी महाडच्या हायस्कूलात भूगोल शिकवतो आणि भूगोलाबाहेर सहसा तोंड उघडत नाही. उघडलंच तर अभ्यास करून उघडतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात जिकडेतिकडे माझं नाव येतं आणि ऐकणाऱ्याचा उगाच गैरसमज होतो.

सुरुवात माझ्या मेव्हण्याने केली. सहदेव, माझ्या बायकोचा थोरला भाऊ, वरंधकडच्या एका वाडीत राहतो. मुलगा मुंबईला कामाला लागल्यावर त्याने कौलं उतरवली, स्लॅबचं घर बांधलं आणि दिवाळीनंतरची वास्तुशांत ठरवली. आमंत्रण द्यायला आला तेव्हा बशीतला चहा फुंकत म्हणाला की नव्या घरात बापाचा फोटो लावतोय, शेजारी आईचा पाहिजे. बापाचा फोटो त्याच्याकडे होता. आईचा, म्हणजे माझ्या सासूबाई आवडीबाई यांचा, फोटो जगात एकच, आमच्या लग्नातला. त्यात त्या मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या आहेत, हातात तबक आहे आणि पाहतायत भलतीकडेच. पुढच्याच पावसाळ्यात त्या गेल्या. आयुष्यात एकदा कॅमेरा समोर आला तर माणसाने निदान त्याच्याकडे पाहावं, पण त्या घराण्यात कोणाला काही सांगून उपयोग नसतो.

तो अल्बम एकवीस सालच्या पुरात चिखल झाला. आम्ही तेव्हाही तळमजल्यावरच होतो. पाणी चढायला लागलं तेव्हा बायकोने तांदूळ आणि गॅसची शेगडी गच्चीवर नेली, मी कॉम्प्युटर नेला. सगळी इमारत मला हसली होती. पण त्याआधीच्या मे महिन्यात मी घरातले सगळे अल्बम स्कॅन करून त्या कॉम्प्युटरात ठेवले होते, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा आता चारुशीलाची आई या जगात कुठे शिल्लक असेल तर ती माझ्या कॉम्प्युटरात. हे मी तिला अधूनमधून बोलून दाखवतो.

चारुशीला हे बायकोचं नाव. माहेरचं तुळसा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी ते बदललं, कारण हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात सौ. तुळसा अशी घोषणा झालेली मला चालली नसती. तिच्या माहेरचे अजून तुळसाच म्हणतात.

तर फोटो होता, पण धुरकट होता. त्यावर बुरशीचे ठिपके होते, सासूबाईंचा चेहरा नखाएवढा होता. तसाच मोठा करून भिंतीवर लावला असता तर वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना ढग दिसला असता. हल्ली असे प्रोग्राम निघालेत की जुना फोटो आपोआप साफ करून देतात. तसा एक मी आमच्या कॉम्प्युटरात घातला आणि कॉम्प्युटर जागच्या जागी बसला. मग मी बाजारात राहुलच्या दुकानात चौकशीला गेलो. राहुल कॉम्प्युटर विकतो आणि दुरुस्त करतो. तो माझा विद्यार्थी. सावित्री नदी समुद्रात उगम पावते आणि महाबळेश्वराला जाऊन मिळते, असं त्याने वार्षिक परीक्षेत लिहिलं होतं. त्याने सांगितलं की रॅम वाढवा आणि ग्राफिक कार्ड टाका, दोन्ही मी देतो. मी माहिती घेतली, आभार मानले आणि दोन्ही वस्तू घरी येऊन ऑनलाइन मागवल्या. नदी उलटी वाहवणाऱ्या माणसाच्या हातात मी सासूबाई देणार नव्हतो.

पार्सल आलं ते नेमकं पितृपक्षात. चारुशीला म्हणाली की या पंधरवड्यात नवी वस्तू लावायची नाही, घटस्थापनेला लावा. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. पण हिच्या आईचाच फोटो, त्यात पंधरवडा पितरांचा, तेव्हा मी मोठ्या मनाने गप्प बसलो. ती आणखी एक म्हणाली होती, की कॉम्प्युटर उघडायच्या आधी आईचा फोटो दुसरीकडे कुठे तरी काढून ठेवा. मी म्हणालो, मी रॅम वाढवतोय, बिऱ्हाड हलवत नाही.

आता घटस्थापनेपर्यंत त्या वस्तू ठेवायच्या कुठे? मी पाकिटं फोडून बसलो होतो, कारण पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस पाहणारच. आणि आमच्याकडे भाद्रपदातली हवा अशी की कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी चढते. इथे वरच्या मजल्यावरच्या सुनीलने प्रवेश केला. सुनील एका केमिकल कंपनीत पाळी करतो आणि त्यामुळे आपल्याला सगळं शास्त्र येतं असं समजतो. त्याने सांगितलं की त्याचा मोबाईल पुराच्या पाण्यात पडला होता तेव्हा तो तांदळात खुपसून ठेवला आणि नव्यासारखा झाला. तांदूळ दमट हवा ओढून घेतो. हे वाक्य मला शास्त्रीय वाटलं. चारुशीला भाजीला गेली असताना मी रॅम आणि कार्ड तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून खोल पुरून ठेवलं. तिला सांगितलं नाही. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल तिची मतं असतात, आणि मला मतं नको होती.

घटस्थापनेला मी आंघोळ करून, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. पिंपातून वस्तू काढल्या, फुंकर मारली, जागच्या जागी बसवल्या. चारुशीलाने कॉम्प्युटरवर हळदकुंकू वाहिलं, बाहेरून. मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा राहिला. आणि आतून भोंग्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. तो तसाच येत राहिला.

आवाज वरच्या मजल्यावर गेला आणि सुनील खाली आला. त्याने क्षणात निदान केलं: अर्थिंग. त्याच्या कंपनीत काहीही बिघडलं की अर्थिंग निघतं म्हणे. त्यात पुरानंतर महाडात सगळ्यांनी बटणांचे बोर्ड डोक्याच्या उंचीला नेलेत. आमच्या घरात पंखा लावायला हात वर करावा लागतो आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीवरून वेलासारखी उतरते. सुनील म्हणाला, एवढ्या उंचीवरून अर्थिंग खाली येईल कसं? हे वाक्य किती मूर्खपणाचं आहे ते मला आज कळतं. तेव्हा मी पहार आणायला गेलो.

इमारतीमागे आम्ही खड्डा घेतला. त्यात मीठ आणि कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरायची होती. मीठ मी आणलं, कोळसा सुनीलने बार्बेक्यूच्या दुकानातून आणला, आणि पहार थेट इमारतीच्या पाण्याच्या पाइपात गेली. संध्याकाळपर्यंत सगळी इमारत कोरडी होती. बायका बालद्या घेऊन खाली उतरल्या आणि खड्ड्याभोवती उभ्या राहून मला पाहत होत्या. सुनील दुसऱ्या पाळीला गेला होता. प्लंबरचं बिल सोसायटीने माझ्या नावावर टाकलं, आणि नोटीस बोर्डावर जे लिहिलं त्यात ‘एका सुशिक्षित सभासदाने’ असे शब्द होते. कॉम्प्युटर भोंगत राहिला.

मग मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथली बाई अत्यंत गोड बोलायची आणि तिला काहीच येत नव्हतं. तिने कार्डाच्या पाठीवरचा नंबर विचारला. कार्डाच्या पाठीवर एक चौकोनी पुसट डाग होता, नंबराची चिठ्ठी कुठे तरी निघून गेली होती. चिठ्ठी नाही तर वॉरंटी नाही, सर. मी म्हणालो, अहो, कार्ड माझ्या हातात आहे. ती म्हणाली, ते आम्हाला इथून दिसत नाही. शेवटी दया येऊन तिने माणूस पाठवायचं कबूल केलं. माणूस अलिबागला गेला. जिल्हा रायगड म्हटल्यावर त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला. त्याने अलिबागहून फोन करून विचारलं की समुद्राच्या कुठल्या बाजूला राहता. अशा माणसाला मी भूगोल शिकवला नाही एवढंच समाधान.

दिवाळी जवळ येत चालली तसे सहदेवाचे फोन सुरू झाले. “भावोजी, आईचा फोटू झाला काय?” एवढंच तो विचारायचा आणि मी काम चालू आहे म्हणायचो. सरकारी खात्यातली माणसं हे उत्तर इतकी वर्षं का देतात ते मला समजलं. त्यात खोटं काहीच नसतं.

शेवटी मान खाली घालून कॉम्प्युटर स्कूटरवर बांधला आणि राहुलकडे नेला. गिऱ्हाइकांसमोर त्याने मला “बसा सर” म्हणून प्लास्टिकचं स्टूल दिलं. झाकण उघडून त्याने आत बॅटरी मारली, चालू केला, भोंगा ऐकला आणि म्हणाला की सर, फॉरमॅट मारावा लागेल. चारुशीला माझ्याबरोबर आली होती. तिने विचारलं, फॉरमॅट म्हणजे काय? तो म्हणाला, काकू, सगळं पुसून कोरा करायचा.

“म्हणजे आई जाईल?” चारुशीलाने विचारलं.

राहुलला काही कळलं नाही. मला कळलं, आणि खरं सांगतो, मी घाबरलो. तीस वर्षांत हिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता जे मागत होती ते या पत्र्याच्या पेटीत मी स्वतःच्या हाताने कोंडलं होतं. पण भीती दाखवायची तर ती राहुलसमोर नव्हे. मी म्हणालो की ज्याला नदीची दिशा कळत नाही त्याने माझ्या डिस्कला हात लावायचा नाही, आणि कॉम्प्युटर परत स्कूटरवर बांधला.

आता उरला ऋत्विक, सहदेवाचा मुलगा. तो मुंबईत ‘आयटीत’ आहे, म्हणजे एका कंपनीत फोन उचलतो. तरीही मी त्याला व्हिडिओ कॉल केला. तो लगेच म्हणाला, “काका, टेन्शन नाय घ्यायचं. रॅम काढा, तिच्या सोनेरी दातांना खोडरबर मारा, परत लावा. बहुतेक हेच असतं.”

खोडरबर! मी आयुष्यभर खोडरबरांत काढलेला माणूस. एवढा खड्डा खणला, अलिबागपर्यंत माणसं फिरवली, आणि औषध म्हणून पाचवीतल्या पोराच्या कंपासपेटीतली वस्तू? मी त्याला विचारलं की यापेक्षा गंभीर काही नाही का. तो बिचारा विचारात पडला आणि म्हणाला की मग आतली गोल बॅटरी काढून पुन्हा बसवा. हे मला पटलं. बॅटरी काढली. ती उडाली आणि दिसेनाशी झाली, स्वयंपाकघराकडे गडगडत गेली असं मला वाटलं. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा पडून फ्रिजखाली झाडू घालत होतो, आणि चारुशीला शेजारी बसून वास्तुशांतीला न्यायचे तांदूळ निवडत होती. भावाला अख्ख्या वाडीला जेवण घालायचं होतं, माहेरी तांदूळ हिच्याकडूनच जाणार होते.

तिने सुपातून एक चिठ्ठी उचलली. चौकोनी, चांदीसारखी, बारीक आकड्यांची. “हे काय तांदळात?” तिने विचारलं.

मी आडव्यानेच ओळखलं. मग सांगावं लागलं. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, “त्या तांदळाला मी एरंडेल चोळलंय. वर बोरिक पावडर लावलीय, टोके होऊ नयेत म्हणून. दरवर्षी लावते. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

महाडातल्या प्रत्येक घरात तांदळाला एरंडेल लावतात. सुनीलच्या घरीही लावतात. पण त्याला ते ठाऊक नव्हतं, कारण तोही पुरुषच. कंपनीच्या कुठल्या पुस्तकात, कुठल्या गोड बाईच्या यादीत ‘ग्राहकाने वस्तू एरंडेलात मुरवली आहे काय’ हा प्रश्न नाही, त्याला मी काय करणार?

मी दार लावून घेतलं. करोनातली सॅनिटायझरची बाटली कपाटात होती, ती कापसावर घेऊन रॅमचे आणि कार्डाचे दात पुसले. कापूस पिवळा होत होता. ज्या खाचेत रॅम बसते तिथून टाचणीने तांदळाची एक कणी काढली. खोडरबरही मारलं, ऋत्विकला कळणार नव्हतं. बॅटरी माझ्या शर्टाच्या खिशात निघाली. बटण दाबलं आणि पडदा उजळला. मी दार उघडून जाहीर केलं की बिघाड माझ्या लक्षात आधीच आला होता, फक्त खात्री करायची होती. चारुशीलाने विचारलं, “आई आहे?” मी फोल्डर उघडून दाखवला. ती पडद्याजवळ आली, खांबाला टेकलेल्या त्या धुरकट आकृतीकडे पाहत राहिली, आणि डोळे पुसून पुन्हा तांदळाकडे गेली.

इथे थांबायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. पण मी ग्राफिक कार्ड आणलं होतं ते कशासाठी? प्रोग्राम लावला. त्यात साफसफाई किती हवी ते ठरवायची एक पट्टी असते. मी ती शेवटपर्यंत ओढली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. ठिपके गेले, धूर गेला. नखाएवढ्या चेहऱ्यातून एक टपोऱ्या डोळ्यांची, गोल गालांची, तुकतुकीत बाई बाहेर आली. नजरही तिने कॅमेऱ्याकडे वळवली. मी भारावून गेलो. हातभर फ्रेम करून घेतली, कागदात गुंडाळली आणि कोणालाही दाखवली नाही. चारुशीलालाही नाही. तिला तिच्या माहेरच्या सगळ्यांसमोर थक्क करायचं होतं.

वास्तुशांतीला वाडी लोटली होती. होम झाला, गुरुजींचं आटोपलं, आणि सहदेवाने बापाच्या फोटोशेजारी मारलेल्या खिळ्यावर माझी फ्रेम टांगली. मी पुढे होऊन कागद काढला. माणसं वा म्हणाली. मुंबईहून आलेली पोरं मोबाईल काढून फोटोचे फोटो घेऊ लागली. सहदेवाने हार घातला, सुनेने काचेवर हळदकुंकू लावलं. मी जरा बाजूला, पण सगळ्यांना दिसेन असा उभा राहिलो.

मग ठमाबाईंना दंडाला धरून पुढे आणलं. ठमाबाई सासूबाईंची धाकटी बहीण, आता वाडीत त्यांच्याहून मोठं कोणी नाही. त्या फोटोच्या अगदी जवळ गेल्या, काचेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“फोटू बरा हाय,” त्या म्हणाल्या. “पन ही बाय कोन गो, तुळसे?”

कोणी हसलं नाही. मी चारुशीलाकडे पाहिलं. मी समजावायला लागलो की मूळ फोटोवर डाग होते, यंत्राने ते डाग शोधून शोधून काढले.

“आईला देवी येऊन गेल्या होत्या,” चारुशीला म्हणाली. “गालभर व्रण होते तिच्या. ते काढलंत तुम्ही.”

ठमाबाई म्हणाल्या की लहानपणी अंधारात त्या व्रणांवरून बोट फिरवायचं, मग झोप लागायची. “आता हिच्या गालावर काय हाय? काय नाय.” आणि त्यांनी काचेवरचा हात काढून घेतला.

मला लाज वाटली. एवढी लाज मला खड्ड्यापाशीही वाटली नव्हती. सहदेवाने दोन फोटोंमधली समई उचलून बापाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी मूळ फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन मी बाजारातल्या स्टुडिओत गेलो. त्या माणसाने तो जसाच्या तसा मोठा करून दिला, माझा चहा संपायच्या आत. ना रॅम लागली ना कार्ड. धुरकट, ठिपक्याठिपक्यांचा, भलतीकडे पाहणारा तो ढग आता वरंधला बापाशेजारी आहे. ठमाबाई येता-जाता त्याच्याशी बोलतात असं सहदेव सांगतो.

प्रश्न उरला आमच्या फ्रेमचा. सहदेव ती घरात ठेवायला तयार नव्हता. परक्या बाईला हार घालून भिंतीवर ठेवली तर वाडीत काय म्हणतील? टाकायला चारुशीला तयार नाही. हार घातलाय, हळदकुंकू लागलंय, उकिरड्यावर कशी टाकायची? सावित्रीत सोडावी म्हटलं तर गुरुजी म्हणाले की विसर्जन गेलेल्या माणसाच्या फोटोचं करतात आणि ही बाई कधी गेलेलीच नाही, कारण ती कधी आलेलीच नाही. तेव्हा ती माझ्या खोलीत आहे, कॉम्प्युटरच्या वर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. कॉम्प्युटर आता उत्तम चालतो. मी काम करत बसलो की ती टपोऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत असते.

घरी येणारा प्रत्येक माणूस तिच्याबद्दल विचारतो. परवा सुनील आला, वर पाहिलं, नमस्कार केला आणि चारुशीलाला म्हणाला, “वहिनी, या कोण? तुमच्या आई?”

चारुशीला कपात चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

“नाही,” ती म्हणाली. “ह्यांच्याकडच्या.”